डाव्या खांद्यावरची थाप

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासोबत घडलेली आहे. मी एम.कॉम. झालेली बाई आहे, उतारा दिसला की रस्ता बदलणाऱ्यांतली नाही. वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच संपली होती. रविवारची सकाळ. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला एक गल्ली आहे. ती एका बंद कारखान्याच्या भिंतीपाशी संपते. रहदारी नाही, म्हणून आसपासचे लोक तिथे गाडी शिकायला येतात.

मीही शिकायलाच गेले होते. मोटारसायकल.

कारण सांगते. माझ्या मुलीला, अबोलीला, दमा आहे. पहिलीत आहे ती. नवरा यज्ञेश जहाजावर असतो, वर्षातले अर्धे महिने समुद्रात. गणपतीनंतर एका संध्याकाळी अबोलीची छाती भरली. पंप देऊनही घरघर थांबेना. तिला कडेवर घेऊन मी नाक्यावर उभी, आणि एकेक रिक्षावाला मान हलवून पुढे जातोय. जवळचं भाडं कुणालाच नको होतं. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीतून नेलं म्हणून निभावलं.

आणि हे सगळं होत असताना बिल्डिंगखाली यज्ञेशची मोटारसायकल कव्हर घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी ते कव्हर काढलं.

सासूबाईंना पटलं नाही. "माका ह्या बरा दिसना नाय," एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडत बसल्या. यज्ञेश फोनवर हसला, म्हणाला तुला ती उचलवणारही नाही. मी म्हटलं, उचलायची नाहीये रे, चालवायचीय.

शिकवायला माझी नणंद होती, ऋता. ती रोज बाइकवरून अंधेरीला ऑफिसला जाते. तिची शिस्त कडक. लर्निंग लायसन्स हातात आल्याशिवाय तिने मला सीटवर बसू दिलं नाही. हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्यावर येणारे बूट घातल्याशिवाय चावी मिळायची नाही. सुरुवातीला तर गाडी नुसती ढकलायला लावली, तिचं वजन अंगात मुरावं म्हणून. मग क्लच. मग ब्रेक. मग वळणं.

"वहिनी, खड्ड्याकडे बघू नकोस, नाहीतर खड्ड्यातच जाशील. जायचंय तिकडे बघ."

हेल्मेटमध्ये बोललेलं नीट ऐकू येत नाही, म्हणून ती मागे बसून थापांनी सांगायची. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे चल. डाव्या खांद्यावर दोन म्हणजे थांब. ते इतकं अंगवळणी पडलं, की डाव्या खांद्याला हात लागला की माझा क्लच आपोआप दाबला जायचा. डोकं मध्ये यायचंच नाही.

चूक तिथेच झाली आमची.

त्या रविवारी ऋता म्हणाली, आज तू एकटी. ती गल्लीच्या तोंडाशी चहा घेत उभी राहिली. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायची पावटी मी पायाने वर दुमडली आणि निघाले.

भिंतीपर्यंत झकास गेले. पहिला गिअर, दुसरा, वळण, पाय न टेकता. स्वतःवरच खूश झाले. परत निघाले.

गल्लीच्या मध्यावर एक गुलमोहर आहे. तिथे आल्यावर जाणवलं...

गाडी जड झाली.

इंजिन तेच, गिअर तोच. पण ऋता मागे असताना ते जसं ओढायचं, तसं ओढायला लागलं.

आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं मघापासून चाललेलं भुंकणं बंद झालं.

मग... डाव्या खांद्यावर दोन थापा.

मी थांबले. अर्थातच थांबले. क्लच, ब्रेक, पाय खाली. आणि मान वळवून म्हणाले, "काय झालं गं?"

मागे कुणी नव्हतं.

ऋता लांब, गल्लीच्या तोंडाशी, हातात चहाचा ग्लास.

तेवढ्यात... गाडीची मागची बाजू हलकेच वर आली. मागे बसलेलं माणूस उतरलं की येते ना, तशी.

मी खाली पाहिलं. दुमडलेली पावटी उघडी होती.

गाडी ढकलत ऋताकडे आले. पुन्हा सीटवर बसायची हिंमत झाली नाही. कारखान्याचा वॉचमन काशीराम तिथेच चहा पीत होता. मी काही बोलायच्या आधीच त्याने विचारलं, झाडाजवळ बंद पडली का? मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तो म्हणाला, शिकायला येणारे सगळे तिथेच थांबतात. मग तुमच्यासारखेच ढकलत येतात. बरेचसे पुन्हा शिकायला येतच नाहीत.

तिथे कधी कुणी अपघातात गेलं होतं का, असं ऋताने विचारलं. तो म्हणाला, मी असताना तरी नाही. चहा संपवून निघून गेला.

घरी सासूबाईंनी दृष्ट काढली. हँडलला लिंबू बांधलं. म्हणाल्या, पुरे झालं आता, विकून टाका ती गाडी. मी लिंबू राहू दिलं, त्यांच्या समाधानासाठी. गाडी विकायला नकार दिला.

रात्रभर विचार केला. मला कुणी पाडलं नव्हतं. ढकललं नव्हतं. फक्त थांब म्हणालं होतं. आयुष्यभर सगळे तेच तर म्हणत आलेत.

पुढच्या रविवारी मी ऋताला बजावलं, आजपासून थापा बंद. थांबायचं कधी ते मी ठरवणार. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बरं म्हणाली.

भिंतीकडून एकटीच परत येताना गुलमोहराजवळ गाडी जड झाली. थापा आल्या. माझी बोटं क्लचवर आवळली... आणि मी ती एकेक करून सोडवली. थांबले नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत खांद्यावर थापा पडतच होत्या. दोन. परत दोन. परत दोन.

मग थांबल्या. मला वाटलं, जिंकले.

आता, ठरल्याप्रमाणे, गल्लीबाहेरचा मोठा रस्ता ओलांडायचा होता. पलीकडच्या फुटपाथजवळ ऋता उभी होती. मी दोन्हीकडे पाहिलं. डावीकडून एक डंपर येत होता, पण लांब होता. मला पुरेसा वेळ होता. निघाले.

बरोबर मध्यावर पोचले आणि...

थाप नाही. पंजा. डाव्या खांद्यावर अख्खा पंजा आवळला गेला.

हात शिकलेलाच होता. क्लच दाबला गेला. गाडीचा जोर गेला. डंपर आता लांब नव्हता. त्याचा हॉर्न माझ्या हेल्मेटमध्ये घुमत होता, आणि तो पंजा मला तिथेच, डंपरच्या वाटेत, उभं करत होता.

मला अबोलीची घरघर आठवली.

"गाडी मी चालवतेय," मी हेल्मेटमध्ये म्हटलं. मोठ्याने. आणि क्लच सोडला, ऋताने शिकवला होता तसा, झटका न देता. थ्रॉटल दिला.

डंपर मागून गेला. त्याची धूळ माझ्या मानेवर बसली.

पलीकडे पोचले तेव्हा ऋताच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मला वाटलं, मधेच अडखळले म्हणून रागवेल. ती रागावली नाही. गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत राहिली.

"वहिनी, टायर दबलेला होता गं," ती हळूच म्हणाली. "डबलसीट असल्यासारखा."

त्या दिवशी परत येतानाही गाडी मीच चालवली.

मला लायसन्स मिळालं. मार्चमध्ये एका संध्याकाळी अबोलीची छाती पुन्हा भरली. या वेळी मी नाक्यावर गेले नाही. तिला हेल्मेट घातलं, मुलांना बांधायचा पट्टा माझ्या कमरेभोवती आवळला आणि निघाले. तिचे दोन्ही हात माझ्या पोटावर होते. मला दिसत होते.

आणि तरीही, स्टेशनच्या वळणावर...

डाव्या खांद्यावर दोन थापा.

मी थांबले नाही. वेळेत पोचलो. डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला. अबोलीचा श्वास हळूहळू मोकळा होत गेला आणि मी बाकावर बसून मनसोक्त रडले.

त्यानंतर मी अबोलीला बिल्डिंगखाली गाडीजवळ उभं करून नीट समजावलं. गाडीवर असताना माझ्या खांद्याला कधीच हात लावायचा नाही. मी थांबायला हवं असेल तर मोठ्याने "आई, थांब" म्हणायचं. तिने मला ते म्हणून दाखवलं. तेव्हा तिथे आम्ही दोघी होतो आणि गाडी होती. बाकी कुणी नाही.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ. मी एकटीच भांडुपच्या सिग्नलला उभी होते. दिवा हिरवा झाला. निघणार, तेवढ्यात कानाच्या अगदी जवळ...

"आई, थांब."

अबोलीचाच आवाज. तीच घरघर, तोच धाप लागलेला श्वास.

अबोली तेव्हा शाळेत होती.

मी आरशात पाहिलं नाही. दिवा हिरवा होता, रस्ता मोकळा होता. मी गेले.

पण तेव्हापासून झोप नाही. एखाद्या दिवशी अबोली खरंच मागे असेल, तिला खरंच श्वास घेता येत नसेल आणि ती मला हाक मारेल... तेव्हा मी काय करायचं, कुणी सांगू शकेल का?

सासूबाई अजूनही म्हणतात, विकून टाक.

चावी माझ्या पर्समध्ये आहे. उद्या सकाळी अबोलीला शाळेत सोडायचंय.