दिवा कुणी लावला?

“ऐकू आलं तरच बटण दाबायचं, बाळा. उगाच नाही हं.”

लहानपणी कान तपासणाऱ्या बाईंनी ताईला असं सांगितलं होतं. मोठेपणी ताईनं तेच काम धरलं. समोर बसलेल्या प्रत्येकाला ती तेच वाक्य, त्याच मऊ सुरात सांगायची. पेशंटनं आत बटण दाबलं की बाहेर मशीनवर दिवा लागायचा.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू... हे घडलंय. भर दुपारी, तिच्या कामाच्या जागी.

वर्षानुवर्षं उपचार केले, तेव्हा कुठे टेस्ट ट्यूबनं तिला दिवस गेले होते. सातवा सरत आला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, अशा गर्भारपणात रक्तदाब चढतो, बाळ आधीच येऊ शकतं, जपा. ताई फुलासारखी जपत होती.

पण एक गोष्ट खुपत होती...

दर सोनोग्राफीनंतर भावोजी डॉक्टरांशी एकटेच बोलायचे.

“काय म्हणाले?”

“काही नाही गं. सगळं छान.”

“मग तोंड का एवढंसं झालंय?”

“तुझं वजन बघून. उद्या उचलायची वेळ आली तर?”

ते हसायचे. डोळे हसायचे नाहीत.

त्या दुपारी पेशंट नव्हते. ताईचं डोकं ठणकत होतं, सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते. जरा टेकावं म्हणून ती तपासणीच्या खोलीत गेली. चारी भिंतींना स्पंज, जाडजूड दार. ते लावलं की जगच पुसलं जायचं.

शांतता...

आणि मग... टक. टक.

पोटातून नाही. डाव्या हाताला, शेजारून. रिकाम्या बाकावर कुणी इवल्या नखानं टिचकी मारावी तसं.

तिचा हात पोटावर गेला.

बाळ सकाळपासून हललंच नव्हतं.

धाडकन दार उघडलं. रिसेप्शनवरच्या काकू.

“अगं, बटण काय दाबत बसलीयेस? बाहेर दिवा लागतोय सारखा!”

“मी नाही दाबलं.”

बटण खुंटीवर लटकत होतं. बाहेरच्या मशीनची वायर काढलेली होती.

काकूंनी त्या वायरीकडे पाहिलं. मग ताईचा चेहरा पाहून म्हणाल्या, “ते मरू दे. पांढरीफटक पडलीयेस. ऊठ, हॉस्पिटलात चल.”

रक्तदाब आभाळाला टेकला होता. बाळाचे ठोके मंदावले होते. तडक ऑपरेशन झालं.

मुलगी. ओंजळीएवढी, पण जिवंत.

“आणखी थोडा उशीर झाला असता तर...” डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही.

ताई आजही त्या खोलीत एकटी बसत नाही. मीही कधी गेलो नाही.

त्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तिनं भावोजींना त्या टकटकीचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं,

“डावीकडून येत होती?”

बाजू तिनं सांगितलीच नव्हती.

“दोन होती गं,” ते म्हणाले. “डावीकडच्याचे ठोके तिसऱ्या महिन्यातच थांबले. तू धसका घेशील म्हणून मीच डॉक्टरांना म्हटलं, हिला कळू देऊ नका. आणि तेव्हापासून घरात... मला रोज ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.”