तीस डझन काळ्या माशा

हडपसरला गाडीतळाच्या मागच्या गल्लीत, स्पेअर पार्टच्या दुकानावर, रविराजचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा म्हणून. दोन खोल्या, अकरा बायका, अकरा टेबलं आणि प्रत्येक टेबलाला स्क्रूने आवळलेला एक लोखंडी चिमटा. त्या चिमट्यात गळ धरायचा, त्यावर रेशमी धाग्याने पिसं, जर आणि केस बांधायचे, शेवटच्या गाठीवर लाखेचा थेंब सोडायचा. झाली माशी. ही खोटी माशी स्कॉटलंडला जायची, आणि तिथली माणसं ऐन थंडीत कमरेएवढ्या नदीत उभी राहून ती सॅल्मन नावाच्या माशापुढे नाचवायची. चांगली खाऊनपिऊन सुखी माणसं असं का करतात, हे विचारणं त्या अकराजणींतल्या श्यामलाने बावीस वर्षांत केव्हाच सोडून दिलं होतं.

सॅल्मन कुणीच पाहिला नव्हता. भिंतीवर एक जुना फोटो होता तेवढाच. नदीकाठच्या गवतावर ओळीने नऊ मासे निजवलेले, शेजारी टोपीवाला म्हातारा. रविराजचे वडील होते तेव्हा ते त्या फोटोखाली उभे राहून सांगायचे, की हा मासा समुद्रातून नदीत शिरला की अन्नाला शिवत नाही. मग माशीला तोंड का लावतो, ते तिथल्या लोकांनाही ठाऊक नाही.

गेल्या नोव्हेंबरात मोठी ऑर्डर आली. वसंतातल्या मासेमारीसाठी तीस डझन काळ्या माशा. आणि काळ्या केसांचं पार्सल मुंबईत कस्टमला अडकलं. चार दिवस रविराज फोनवर ओरडत होता. पाचव्या दिवशी श्यामला घरून एक वेणी घेऊन आली.

वेणी तिच्या मुलीची, तनयाची होती. वीस वर्षांच्या तनयाने मगरपट्ट्यात नोकरी लागल्यावर पहिलं काम कुठलं केलं असेल तर केस मानेपर्यंत कापून टाकले. पार्लरमधून ती वेणी श्यामलाने मागून आणली होती आणि मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. काळीभोर, फक्त टोकांना बारावीनंतर हौसेने लावलेला मरून रंग. कारखान्याची ऑर्डर कधी चुकली नाही याचा श्यामलाला मालकापेक्षा जास्त अभिमान होता. कुणी मागितलं नव्हतं. तिने आपणहून दिलं.

पलीकडच्या टेबलावरची, मांजरी गावची प्रेमला म्हणाली, "थुकलीस का त्याच्यावर?"

"काय?"

"गुंतवळ टाकताना तीनदा थुकतो का न्हाई आपण? पोरीचं क्यास हायेत ते. असंच हातातनं सोडू नगंस."

श्यामलाही घरी कंगव्यातल्या गुंतवळावर न चुकता थुंकूनच तो टाकायची. आईने लावलेली सवय. पण हा परदेशी माल, सोवळ्यातला. त्यावर थुंकायचं काय! ती हसली, बाकीच्याही हसल्या, आणि बारा दिवसांत तीस डझन माशा तयार झाल्या. पाण्याच्या वाटीत एक माशी बुडवून पाहिली तर ते केस असे काही हलायचे की रविराज दोन मिनिटं बघतच राहिला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तनया घरूनच काम करत होती. श्यामलाने किंक्रांत म्हणून सुट्टी घेतली होती. दुपारचे साडेतीन वाजले असतील. तनयाचं डोकं एकदम डावीकडे झटकलं गेलं, गालात बोट अडकवून कुणी ओढावं तसं. ती उठली. गॅलरीच्या दारापर्यंत ओढल्यासारखी गेली, तिथून सगळा जोर लावून मागे फिरली, स्वयंपाकघरापर्यंत आली, परत गॅलरीकडे. श्यामला हाका मारत होती. वीस मिनिटं हे चाललं. मग तनया फरशीवर आडवी झाली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज नव्हता. अंग बर्फासारखं गार. आणि मग एकदम एक लांब श्वास आला आणि ती उठून बसली. तिच्याखालची फरशी ओली झाली होती.

"काय झालं गं तुला?"

"माहीत नाही. दमले." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू माझ्या पोटाखाली हात धरला होतास ना? श्वास येईपर्यंत?"

श्यामलाने धरला नव्हता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन केला. सगळं नॉर्मल. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीने टोचल्यासारखी खूण होती, तिला ते म्हणाले तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्स द्या. आणि मोबाइल कमी करा, हे पुण्यातल्या कुठल्याही दुखण्याला सांगतात ते सांगितलं.

फेब्रुवारीत आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं. मग एक दिवसाआड. नेहमी दुपारी अडीचच्या पुढे, रात्री साडेदहा-अकरानंतर कधीच नाही. तनयाची नोकरी गेली. ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची, आणि अडीच वाजत आले की चष्मा काढून बाजूला ठेवायची. श्यामला आता फक्त सकाळी कारखान्यात जायची, एकच्या आत घरी परतायची. ओठाच्या कोपऱ्यात खुणांवर खुणा पडल्या होत्या. रडायचं त्राण दोघींनाही उरलं नव्हतं. तनयाचे बाबा पीएमपीच्या बसचे ड्रायव्हर, ते ड्यूटीवरून आले की दारातच विचारायचे, "आज?" आणि श्यामला बोटं दाखवायची. एक. कधी दोन.

रविवारी मात्र एकदाही नाही. रविवारी तनया गाढ झोपायची आणि उठून पोहे मागायची. डॉक्टर म्हणाले, बघा, कामाचा ताण. ती महिनाभर घरीच बसली होती, हे श्यामलाने त्यांना सांगून पाहिलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रविराज मोबाइल घेऊन टेबलांमधून फिरला. तिकडच्या दुकानदाराने फोटो पाठवले होते. "या, श्यामलाताई, तुमची करामत बघा. म्हणतोय, दहा वर्षांत वसंतात इतके मासे लागले नव्हते. सगळे या एकाच माशीला."

फोटोत एक माणूस पाण्यात गुडघे टेकून बसला होता. त्याचे दोन्ही हात एका चंदेरी माशाच्या पोटाखाली होते. माशाच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात काळी माशी रुतली होती, आणि तिच्या केसांची टोकं मरून होती.

श्यामलाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हात का धरलाय त्याने?"

"मासा दमतो ना. अर्धा अर्धा तास खेळवतात त्याला. मग असा धरून ठेवायचा, दम परत आला की द्यायचा सोडून."

"सोडतात?"

"सोडावाच लागतो. कायदा आहे. एकतीस मार्चपर्यंत धरलेला प्रत्येक मासा परत पाण्यात."

"आणि रविवारी?"

रविराजने तिच्याकडे नीट पाहिलं. "रविवारी सॅल्मन धरायला बंदीच आहे तिकडे. तुम्हाला कसं माहीत?"

तिला फार भीती वाटत होती, आणि ही भीती कुणाला समजावून सांगण्याजोगी नव्हती. तिने एवढंच विचारलं, "एकतीस मार्चनंतर?"

"काही नद्यांवर चालतो मग ठेवून घेतलेला." त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "तो बघा ना, एप्रिलमधलाच आहे."

दुसऱ्या दिवशी श्यामला त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "दादा, त्या माशा परत मागवा. माझी चूक झालीये. शेवटची गाठ मी सैल बांधली. सुटणार त्या."

बावीस वर्षांत तिची एक गाठ सुटली नव्हती. हे बोलताना तिचा आवाज फुटला, तो खोटं बोलण्याने नव्हे, त्या अपमानाने. मागे दहा चिमट्यांचा आवाज थांबला.

"वा," रविराज म्हणाला. "मासे लागून लागून लोक दमलेत, आणि गाठ सैल म्हणे. तब्येत बरी नाही का आपली?"

"मेल करा, दादा. पाया पडते."

त्याने मेल केली. उत्तर दहा दिवसांनी आलं, तेही नेहमीपेक्षा तासभर आधी. तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे गेली होती. तीसही डझन विकल्या गेल्या होत्या, पाच-सहा नद्यांवर वाटल्या गेल्या होत्या, आणि ज्याच्याकडे आहेत तो कुणालाही हात लावू देत नव्हता. दुकानदाराने खाली लिहिलं होतं, की बुधवारपासून एक मासा घरी नेता येईल, आणि ताटात वाढलेल्या त्या माशाचा फोटो तो माशी बांधणाऱ्या बाईंसाठी मुद्दाम पाठवील.

त्या सोमवारी तनयाला अडीचऐवजी दीड वाजताच झटका आला. श्यामलाने घड्याळाकडे पाहिलं.

मंगळवारी, एकतीस मार्चला, तीनदा आला. तिसऱ्या वेळी अंधार पडत होता. तनया बराच वेळ तोंड उघडत राहिली. मग तो लांब श्वास आला. "सोडलं," ती म्हणाली, आणि तशीच झोपली.

श्यामलाने कपाटातली मलमल काढली. तिला चार केस चिकटलेले होते. त्यांच्यावर ती तीनदा थुंकली. प्रेमलाला फोन करून विचारलं, उशिरा थुंकलं तर चालतं का. प्रेमला म्हणाली, "मला काय ठावं, बाई."

बुधवारी श्यामला कामावर गेली नाही. एक वाजता तिने गॅलरीचं दार लावून घेतलं, समोर कपाट सरकवलं. तनयाला मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून बसली.

दीड वाजला. पावणेदोन झाले. दोन.

दोन वाजून दहा मिनिटांनी तनयाचं डोकं डावीकडे गेलं.

श्यामलाने सोडलं नाही. ओढ इतकी होती की दोघी फरशीवरून कपाटापर्यंत घसरत गेल्या. तनया मागे फिरली, परत गेली, परत फिरली. यावेळी ती फार लढली नाही. अडीच महिन्यांत लढायला काही उरलंच नव्हतं.

मग ती सैल पडली.

श्यामलाने तिला कुशीवर केलं आणि फोटोतल्या माणसासारखे दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले. श्वास यायची वाट पाहत राहिली.

तनयाने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी चेहरा निवांत होता.

"आई, आज पाणी नाहीये."

"बोलू नकोस. श्वास घे."

"गवत आहे खाली. मऊ आहे गं." ती किंचित हसली. "आता दमायला होत नाहीये."

श्यामलाने हाताखाली चाचपून पाहिलं. फरशी कोरडी होती.