भोपळ्याला जागं करणारी संख्या

"३८६२७४५१. दाबू का हो हिरवं बटण?" मी विचारलं, तर आजोबा ओरडलेच, "थांब गं! हात काढ आधी!"

आम्ही मंगळावरच्या वस्तीत राहतो. आमचा भोपळ्या, म्हणजे गोल पोटाचा यंत्रमानव, धुळीच्या वादळात बंद पडला होता. त्याला जागं करणारी संख्या तारामावशीने पृथ्वीवरून रेडिओवर सांगितली आणि लगेच पृथ्वी मावळली. आता संपर्क थेट उद्या. भोपळ्याची स्मृती राखणारी बॅटरी मात्र जेमतेम तासभर टिकणार होती. संख्या चुकली तर स्मृती पुसली जाणार. मग तो उठेल, पण मला ओळखणार नाही. मला चालायला शिकवलंय हो त्याने! बरं, मावशीचं बोलणं पुन्हा ऐकावं, तर एरवी ध्वनिमुद्रण करायचा तोच.

"मी नीट ऐकलंय," मी फणकारले. "तुमचा माझ्यावर भरवसाच नाही."

"आहे गं ऊर्मी. पण संख्येलाच विचारू की! ती आता मला आठवत नाही, पण मावशीने नि मी ती मुद्दाम ९ आणि ११ या दोन्हींनी विभाज्य (बाकी न उरता भाग जाणारी) निवडलीय. आधी सगळे अंक मिळव."

मी बेरीज केली. "छत्तीस! नवाने भाग जातो. बघा, बरोबर आहे!"

"केवढी घाई! दहा म्हणजे नऊ अधिक एक. सत्तरातून नवाचे सात गठ्ठे काढ, सातच उरतात. सातशेतूनही शेवटी सातच. म्हणजे अंक कुठे बसलाय, याच्याशी नवाला देणंघेणं नाही. अकरा मात्र जागा बघतो. दहा म्हणजे अकराला एक कमी. म्हणून एकक अधिक, दशक उणे, शतक पुन्हा अधिक. एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा कर. त्यांच्यातला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत हवा."

३, ६, ७, ५ यांचे एकवीस. ८, २, ४, १ यांचे पंधरा. फरक सहा! म्हणजे संख्या चुकलीच होती!

"घाबरू नकोस," आजोबा म्हणाले. "अंक बहुधा तेच आहेत, जागा बदलल्यात. मावशीने कशी सांगितली?"

"दोन-दोन अंकांनी. अडतीस, बासष्ट, सत्तेचाळीस, एक्कावन्न."

"आणि कागदावर सत्तेचाळीस कसं लिहितेस?"

"आधी सात. डावीकडे जागा सोडते, मग तिथे चार."

बोलता बोलता मी थबकले. कळफलकावर कुठली आलीय जागा सोडायला! बाकीच्या जोड्या जपून दाबल्या, पण इथे गडबडीत सवयीने आधी सात दाबला आणि झाले चौऱ्याहत्तर.

"अगंबाई!"

मी जोडी उलटवली. ३, ६, ४, ५ यांचे अठरा. ८, २, ७, १ यांचेही अठरा. फरक शून्य. बाकीच्या जोड्याही एकेक करून उलटवून पाहिल्या, पण इतर कुठलीच जमेना.

"दाब आता," आजोबा हळूच म्हणाले.

३८६२४७५१.

कितीतरी वेळ काहीच होईना. मग भोपळ्याच्या पोटात घरघर झाली, डोळे लुकलुकले. मला खूप भीती वाटत होती. तरी विचारलं, "भोपळ्या, मी कोण?"

"परवाचा डाव अर्धा टाकून पळालेली ऊर्मी," तो म्हणाला. "सोंगट्या मांड. आणि माझी लाल सोंगटी तुझ्या खिशात आहे, ती आधी काढ."

मी त्याच्या गळ्यातच पडले. उद्या पृथ्वी उगवली की मावशीला सांगणार आहे, पुढच्या यंत्रमानवाची संख्या मी निवडणार. पण आधी सोंगटी परत केली.