एक्केचाळीस गुण

कचेरीत तिला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. कोणती जमीन निसर्गासाठी राखायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवायला गुण देणं हे तिचं काम. बावीस वर्षांत तिने एकही गुण कोणाच्या तोंडाकडे बघून दिला नव्हता.

त्या दुपारी उरली होती फक्त दलदल. संस्थेला एकच जागा राखता येणार होती: ही दलदल, नाहीतर पलीकडची झाडांनी भरलेली टेकडी. जी मागे पडेल तिच्यावर सोमवारी यंत्रं चालणार. टेकडीला शहात्तर मिळाले होते. तिचा जीव टेकडीवर होता आणि ती ते लपवतही नसे. हिशेब मात्र चोख ठेवायची.

सोबतीला दीर होता, तोही त्याच कचेरीतला. तिला एका टोकाला उतरवून तो गाडीने दुसऱ्या टोकाला जाणार होता. पद्धत ठरलेली. दोघांनी दोन बाजूंनी निघायचं, आपापले गुण मांडायचे आणि मध्यावर भेटायचं. तिथे तक्ते बदलायचे आणि समोरच्याच्या तक्त्यावर न वाचताच सही करायची, म्हणजे मागाहून कोणी आकडे फिरवायला नको. हा नियम तिनेच घातला होता.

पाणी, झाडं, पक्षी, माणसांचा वावर, धोका. ती रकाने भरत चालली. चिखलाला कुजलेल्या पानांचा गोडसर वास होता. बेडूक पुढेही ओरडत होते, मागेही. ती जिथे थांबे तिथले तेवढे गप्प होत...

"भित्रट लेकाचे," म्हणत तिने बेरीज केली. एक्केचाळीस. टेकडी वाचली! तिला मनापासून आनंद झाला.

मध्यावर आडव्या पडलेल्या खोडावर, दगडाखाली, एक तक्ता ठेवलेला होता. दीर कुठे दिसेना.

"भाऊजी?"

गेले असतील आडोशाला, म्हणून ती हसली. सवयीने सही ठोकली, आपला तक्ता दगडाखाली सरकवला आणि मग वाचायला घेतलं.

रकाने तेच होते. अक्षर दिराचं नव्हतं.

'क्षेत्र: स्त्री, वय चोपन्न. पाणी: अंगात पुरेसं. इतर माणसांचा वावर: जवळपास कोणी नाही. धोका: अंधार पडायच्या आत निघून जाईल. एकूण गुण ब्याण्णव. शिफारस: कायमची राखावी.'

खाली तिची सही. शाई अजून ओली होती.

"कोणाचा चावटपणा आहे हा?" ती खणखणीत आवाजात म्हणाली. दगडाखाली हात घातला, तर तिचा तक्ता तिथे नव्हता.

ती आल्या वाटेने परत फिरली. धावत नाही, झपाझप. हद्दीच्या दगडापलीकडे गाडी तशीच उभी होती आणि दीर चाकाशी झटत होता.

"आलात वहिनी? तुम्हाला सोडलं आणि चाकच बसलं बघा. मी आत आलोच नाही."

तिने दगड ओलांडला. पाय टेकला तो आतल्याच चिखलात, दगड पुन्हा समोर. परत ओलांडला. परत तेच.

"वहिनी... काय करताय? या ना अलीकडे."

त्याने हात पुढे केला, तिने धरला. हात ऊबदार होता. त्याने ओढलं, ती निघाली... आणि पुन्हा आतच उभी होती, रिकाम्या हाताने.

तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. सोमवारी यंत्रं येणार, जागा उपटणार, आणि जागेत जे जे आहे तेही. तिच्याच एक्केचाळीस गुणांवर.

"भाऊजी, कोरा तक्ता काढा. लिहा, शंभर."

"शंभर? अहो, टेकडी जाईल... तुमची टेकडी!"

"जाऊ दे." तिला रडू आलं, पण आवाज हलला नाही. "माझा तक्ता हरवला म्हणावं. लिहा लवकर. आणि घरी सांगा... मला उशीर होईल."

त्याने आकडा लिहिला. तिने दगडावरून हात लांबवून कागद घेतला, आयुष्यातल्या पहिल्या खोट्या गुणांवर ठसठशीत सही केली आणि परत दिला.

मागे लव्हाळी सरसरली. कोणीतरी जरा सरकून तिला बसायला जागा करून दिली.