एकशे ऐंशीच्या स्पीडला आलेला हात

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, पण खाली "दादा, कमी घेत जा" असलं काही लिहू नका. मी चहापलीकडे काही घेत नाही.

आणि भूत रात्रीच येतं, हेही डोक्यातून काढून टाका.

१६ मार्च २०२३, गुरुवार. वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना. सकाळचे अकरा. डोक्यावर ट्यूबलाइट, आजूबाजूला चौदा माणसं.

मी सुधीर. आम्ही बिस्किटाच्या पुड्यांची प्लास्टिक शीट कापतो. मोठ्या रोलवरून शीट सुटते, दोन रोलरांमध्ये ताणून धावते आणि पुढे ब्लेडवर जाते. कांद्याच्या सालीएवढी पातळ. हळू चालवली की गप्प असते. स्पीड वाढवला की गुणगुणते, अजून वाढवला की फडफडते.

त्या मशीनवर माझे दाजी होते, उत्तम दाजी. त्यांना कामाला मीच लावलेलं. तेव्हा समीक्षाताई म्हणाली होती, "सुधीर, मशीनचं काम आहे रे. त्यांच्याकडे लक्ष ठेव." मी ऐटीत म्हटलं होतं, "अगं, मी आहे ना."

मशीन सेकंडहँड होतं, नुकतंच आलेलं. मालकाने कुठून उचललं, कुणाला ठाऊक नाही.

शीटचा ताण बघायला चालत्या शीटला हात लावावा लागतो. तोही उलटा, बोटांची पाठ. तळवा कधीच नाही. तळवा चिकटला की शीट हाताला थेट रोलरात नेते. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि दाजींना तर आठ वर्षांची सवय होती.

मालकाला माल संध्याकाळी हवा होता. दाजींनी स्पीड वाढवला.

मिनिटाला एकशे साठ मीटर... शीट फडफडायला लागली.

एकशे सत्तर... कान किटले.

एकशे ऐंशी...

आवाज बंद.

मशीन चालू होतं. रोल फिरत होता, शीट धावत होती. पण फडफड नाही, मोटरचा आवाज नाही, पंख्याचासुद्धा नाही.

"सुधीर... इकडे बघ रे," दाजी म्हणाले.

शीटच्या मधोमध खालून फुगवटा आला होता. पाच बोटं. तळवा. मनगट.

शीटवर साधा डाग असला तरी तो शीटबरोबर पळतो, दिसेपर्यंत पुढे गेलेला असतो. हा हात जागचा हलत नव्हता. शीट त्याच्यावरून धावत होती... आणि तो तिथेच.

मी वाकून खाली पाहिलं.

खाली कुणीच नव्हतं. फरशी आणि तेलाचा डबा.

"दाजी, हात लावू नका!"

समोरून कुणी हात पुढे केला की आपलाही आपोआप जातो. माझा पण उचलला गेला होता. हे मी ताईला आजवर सांगितलेलं नाही.

दाजींनी तळव्यावर तळवा ठेवला.

खालची बोटं मिटली.

मी लाल बटण दाबलं. मशीन थांबेना. मुठीने ठोकलं, तरी थांबेना. दाजी किंचाळत होते, "सोड! अरे सोड ना!" ते मला म्हणत नव्हते.

मी त्यांच्या कमरेला मिठी घालून मागे ओढलं. पलीकडून माझ्यापेक्षा जास्त जोर होता. आधी मनगट रोलरात गेलं, मग कोपर. त्या शांततेत हाड मोडलेलं मी स्पष्ट ऐकलं. रक्त शीटवर सांडलं, लांबलचक पट्टा होऊन ब्लेडकडे धावलं आणि भिंतीवर उडालं. मग शीट फाटली. तिचं सुटलेलं टोक चाबकासारखं माझ्या तोंडावर बसलं, ओठ उभा चिरला. तेव्हा कुठे मशीन थांबलं आणि सगळे आवाज परत आले.

हात खांद्यापासून काढावा लागला. बटण तपासलं, चांगलं निघालं. महिन्याभरात मालकाने मशीन विकलं. कुणाला, ते सांगत नाही. "विषय संपला, सुधीर," एवढंच.

संपला कुठे?

दाजी डोंबिवलीला घरी असतात. सकाळी अकराच्या सुमारास ओरडायला लागायचे, "दाबतोय गं! बोटं मोडतोय!" ताई रिकामी बाही चोळत बसायची. डॉक्टर म्हणाले, कापलेला हात असा दुखतो. दुखत असेल. पण रविवारी दुखायचा नाही. कारखाने बंद असतात तेव्हा...

दोन वर्षं हे चाललं.

गेल्या मंगळवारी ताईचा फोन आला. रडत होती, पण आनंदाने. "सुधीर, आज एकदाही ओरडले नाहीत रे! म्हणाले, सोडला त्याने हात. पोटभर जेवले."

मी संध्याकाळी गेलो. दाजी टीव्ही बघत हसत होते. इतकं बरं वाटलं, काय सांगू. ताईने हातावर पेढा ठेवला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. पेढा तोंडात घालवेना.

तो आपणहून सोडणारा नव्हता.

मंगळवारी सकाळी अकराला कुठल्या कारखान्यात कुणाचा हात गेला, हे कुणाला माहीत असेल तर मला कळवा.