बोया डाव्या हाताला

त्या उन्हाळ्यात तापीला पाणी इतकं कमी होतं, की राजघाटावर एक म्हैस बसली आणि नदी दुपारभर अडून राहिली. खोटं वाटत असेल तर म्हैस अजून जिवंत आहे, तिला विचारा. आणि त्याच दुपारी, त्याच गावचा निरंजन भर समुद्रात होडीची शर्यत मारत होता.

समुद्र मोबाइलमधला होता. शालिग्रामभाऊंच्या केळीच्या मळ्यात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर यायचं, त्यामुळं त्यांच्या या पोराला समुद्रात उतरायचं तर आधी शिडी चढावी लागे. दर रविवारी दुपारी देशभरातली मुलं त्या खेळात शिडाच्या होड्या घेऊन जमत. पाण्यावर नारिंगी फुगे तरंगत असत, त्यांना बोया म्हणायचं. एकेका बोयाला वळसा घालून जो आधी परत येईल, तो जिंकला. त्या दिवशी निरंजन सगळ्यांच्या आधी आला, आणि तरी त्याच्या नावापुढं ‘बाद’ असं उमटलं.

त्यानं तक्रार ठोकली. या खेळात तक्रारीची रीतसर सुनावणी होई. पंच फोनवर बोलावून घेत, होडी कुठून कशी गेली ते पडद्यावर दाखवत आणि फैसला सुनावत. पंच निघाली एक मुलगी. आवाज असा, जसं भर मे महिन्यात कोणी माठातलं पाणी ओतावं.

बोलणं हिंदीत सुरू झालं. बोया डाव्या हाताला ठेवून वळायचा नियम आहे, तुम्ही सगळे बोये उजव्या हाताला ठेवलेत, भैया, असं ती शांतपणे सांगत होती. निरंजन उत्तर जुळवत होता, तेवढ्यात तिच्या मागं एक लांबलचक भोंगा वाजला. नेपानगरला मावशीच्या घरी सुट्टीत जाऊन जाऊन तो भोंगा त्याच्या कानात मुरलेला होता.

“हा नेपाचा भोंगा आहे ना? कागद कारखान्याचा?” तो मराठीतच बोलून गेला.

पलीकडून जरा सावध आवाजात, “तुम्ही कुठले?”

“बुऱ्हाणपूर. शनवाऱ्यावरून पुढं मळा आहे आमचा.”

“मग समुद्रात काय करू राहिले?”

“तुम्ही काय करू राहिल्या?”

ती हसली… आणि टाकीवर बसलेल्या निरंजनला पहिल्यांदा वाटलं, की पाणी आपल्या खाली आहे.

“मॅडम, फैसला काही पण द्या,” तो म्हणाला, “फक्त भैया नका म्हणू.”

फैसला त्याच्याविरुद्धच गेला. पण त्याआधी त्यानं भरपूर वाद घातला. माय त्याला लहानपणापासून मारुतीला नेई, तिथं प्रदक्षिणा उजव्या हातानं. चौकातल्या पुतळ्याला वळसा घालून गाडी न्यायची, तीही तशीच. जन्मभर ज्याच्याभोवती फिरलो तो उजव्या हाताला होता, आता एकाएकी डावीकडं कसा घेऊ, असं त्याचं म्हणणं.

“समुद्रात देव नाहीये. बोया आहे,” ती म्हणाली.

“ज्याच्याभोवती फिरायचं, तो देवच ना मग.”

यावर नियमाच्या पुस्तकात काही नव्हतं.

तिचं नाव निशा. वडील बाबुराव कारखान्यात कागदाच्या मशीनवर होते. मूळचे अकोल्याकडचे, दिवाळीत निवृत्त होऊन मग क्वार्टर सोडणार होते. ज्या घरात कागदाचं खातात, त्या घरातली पोरगी छापलेलं सगळं वाचते. खेळ सगळ्यांनी डाउनलोड केला, नियम एकट्या निशानं वाचले. म्हणून ती पंच झाली.

पुढच्या रविवारी निरंजन पुन्हा उजवीकडून वळला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तक्रार, दर वेळी सुनावणी, आणि सुनावणी हळूहळू इतकी लांबायला लागली की बाकीचे खेळाडू जेवून, झोपून, उठून येत, तरी यांचा बोया आपला पाण्यावरच.

एकदा तिनं वैतागून विचारलं, “तुम्हाला डावं-उजवं खरंच कळत नाही का?”

“कळतं.”

“मग?”

“बरोबर वळलो, तर तुम्ही बोलणार कशाला…”

त्या दिवसापासून तुम्ही गेलं आणि तू आलं.

मग ती त्याला शिकवायला लागली. म्हणायची, असं समज की होडीच्या मागं एक दोरा सुटत जातो. शर्यत संपली की तो दोन्ही टोकांनी ताणायचा. दोरा बोयाला बरोबर बाजूनं अडकला, तर शर्यत खरी. निरंजननं विचारलं, अडकला नाही तर? तर मागं फिरायचं, ती म्हणाली, जसा गुंडाळला तसा दोरा उकलायचा आणि पुन्हा नीट वळायचं. शेवटची रेषा ओलांडेपर्यंत चूक सुधारता येते. ओलांडली, की मग नाही.

श्रावणात ती मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगून बसनं बुऱ्हाणपूरला आली. तापीला तेव्हा असा पूर होता, की मासे शनवाऱ्यात भाजी घ्यायला येत. राजघाटाच्या वरच्या पायरीवर दोघं मावा-जिलबीचा पुडा मधे ठेवून बसले. भुरभुर चालली होती. तिच्या पापणीवर एक थेंब होता आणि तो पडतो की राहतो, एवढंच निरंजन बघत होता.

“असं काय बघतो?”

“काही नाही… पूर.”

“पूर तिकडं आहे.”

तिनं पर्समधून देवाचा लाल दोरा काढला आणि त्याच्या डाव्या मनगटाला बांधला. पुरुषांच्या उजव्या हाताला बांधतात, तो म्हणाला. तिनं गाठ मारता मारताच सांगितलं, की हा देवासाठी नाही, बोयासाठी आहे. ज्या हाताला दोरा, त्या हाताला बोया. मग त्याचं मनगट धरून तिनं हवेत एक वळसा घातला, डावीकडून. त्याची बोटं थंड होती, तिची गरम. हात सोडायची वेळ आली तेव्हा कोणीच सोडला नाही.

निघताना तो म्हणाला, “तुझ्या बाबांना भेटायला येऊ का?”

ती हसली. “आधी एक शर्यत नियमानं जिंकून दाखव. मग ये.”

बस गेली. ते हसणं विसरून निरंजननं नेमके शब्द तेवढे लक्षात ठेवले. केळीवाल्या घरातला मुलगा तो. तिथं घड भरला की मगच कोयता लावायचा, आधी नाही.

दसरा झाला आणि निशाचा फोन आला. अकोल्याकडचे लोक तिला बघायला येणार होते. मुलगा उमेश, चांगला होता म्हणे. बाबांनी तिला विचारलं होतं, तुझ्या मनात कोणी असेल तर आधीच सांग. तिनं सांगितलं नव्हतं… कोणाच्या वतीनं सांगणार?

“तू शर्यत कधी जिंकतोय?” तिनं हलक्या आवाजात विचारलं.

“या रविवारी,” निरंजन म्हणाला.

त्या रविवारी तो टाकीवर अंघोळ करून, कपाळाला गंध लावून चढला. काय होडी चालवली त्यानं. म्हणतात, मळ्यातली केळीची पानंसुद्धा शिडासारखी एकाच बाजूला झुकली होती. पहिला बोया डाव्या हाताला, दुसरा डाव्या हाताला. मागं भुसावळचा हर्षल नावाचा खेळाडू चिकटून होता. शेवटचा बोया समोर आला. आता हे वळण आणि मग सरळ नेपानगर, बाबुरावांचं दार… निरंजनच्या तोंडातून मारुतीचं नाव निघालं.

देवाचं नाव घेतलं आणि हात देवाभोवती वळतो तसा वळला. उजवीकडून.

त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. रेषा ओलांडून तो पहिला आला, टाकीवर उभा राहिला, आणि खाली केळीला पाणी देणाऱ्या बापाकडं बघून इतकं हसला की शालिग्रामभाऊंना वाटलं, पोराला ऊन लागलं.

हर्षलनं तक्रार केली. निशानं होडीची वाट पडद्यावर लावली, एकदा पाहिली, पुन्हा पाहिली. दोरा ताणला. शेवटच्या बोयापाशी तो सुटून हातात आला.

नियमात असंही होतं, की ज्या पंचाचं मन एका बाजूला गुंतलंय त्यानं उठून जावं. पण उठायचं तर कारण सांगायला हवं, सगळ्यांच्या समोर. जे निरंजननं अजून तिला एकदाही सांगितलं नव्हतं, ते ती जगाला कशी सांगणार? खोटा फैसला देऊन त्याला आत घ्यावं, तर जन्मभर त्याच्याकडं बघताना तो सुटलेला दोरा दिसेल. बाद झाला तरी तो येईलच, तिनं स्वतःला समजावलं. अट काय, हसत हसत घातलेली. येईल तो.

“शेवटचा बोया उजव्या हाताला राहिला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “होडी बाद.”

सुनावणीत निरंजननं पहिल्यांदाच वाद घातला नाही. त्याला वाटलं, ती वाचवू शकत होती, आणि तिनं वाचवलं नाही. म्हणजे हेच उत्तर. मोठ्या मनाची म्हणून शर्यतीच्या आडून दिलं, इतकंच. त्यानं खेळ मोबाइलमधून काढून टाकला. फोन यायचा, स्क्रीनवर तिचं नाव चमकायचं… आणि विझायचं. काय ऐकायचं राहिलं होतं?

निशानं तो आठवडा खिडकीत काढला. फाटकाची कडी वाजली की उठायची. दूधवाला, पेपरवाला, शेजारच्या काकू. मग एके दिवशी कडी वाजली आणि अकोल्याची माणसं आली. उमेशनं तिला विचारलं, तुम्हाला काय आवडतं. समुद्र, ती म्हणाली. तो म्हणाला, नेईन. भला माणूस होता, हीच पंचाईत होती. चूक काढावी तर कुठून काढावी? बाबांनी पुन्हा एकदा विचारलं, आणि तिनं कोणी नाही म्हणून मान हलवली.

म्हशीची गोष्ट फुगवता येते. या पुढचं मात्र जसं झालं तसंच आहे.

तुळशीचं लग्न झालं आणि कारखान्याच्या कॉलनीत बाबुरावांच्या दारी मांडव पडला. क्वार्टर सोडायच्या आधी पोरीला तिथूनच निरोप द्यायचा, असं ठरलं होतं. मांडवाच्या दारी केळीचे खांब लागतात, घडासकट. बाबुरावांनी कोणाला तरी विचारलं, त्यानं शालिग्रामभाऊंचा मळा सुचवला. भाऊंची कंबर धरलेली. त्यांनी निरंजनला पत्ता दिला आणि म्हणाले, जा, लग्नाचं काम आहे, पुण्य लागतं.

पत्ता निरंजनला पाठ होता.

दुपारची वेळ. त्यानं टेम्पोतून खांब उतरवले, दोन्ही बाजूंना खड्ड्यात उभे केले. दोरी आवळत असताना मागं बांगड्या वाजल्या. अंगभर हळद, हातात हिरवा चुडा. ती खांबाच्या पलीकडं उभी होती.

“आलास होय,” निशा म्हणाली.

“खांब घेऊन आलो.”

“इतके दिवस वाट बघितली मी.”

त्याला कळेना. “तूच तर बाद केलं होतंस.”

तिच्या गालावरच्या हळदीतून एक ओली रेघ खाली आली.

“होडी बाद केली होती, निरंजन. तुला नाही.”

केळीचं एक पान दोघांच्या मधे हलत होतं. टेम्पोवाला कुठं तरी हॉर्न वाजवत होता. निरंजनच्या हातातली दोरी तशीच राहिली.

“मग आता…” तो म्हणाला.

“उद्या अक्षता आहेत.” ती अगदी हळू बोलली. “रेषा… अजून ओलांडली नाहीये.”

घरातून बाबुराव बाहेर आले. हातात त्याच्यासाठी चहाचा कप. खांबांकडं बघून त्यांचा चेहरा फुलला. सगळ्या कॉलनीत असे खांब कोणाच्या दारी लागले नाहीत, म्हणाले, आणि त्यांनी निरंजनच्या डोक्यावर हात ठेवला. आत शेजारच्या रुख्मिणीकाकू ओव्या म्हणत होत्या, म्हणता म्हणता रडत होत्या. रस्त्यावर अकोल्याच्या वऱ्हाडाची बस वळत होती, खिडकीतून कोणाची तरी लहान मुलगी मांडवाकडं बघून हात हलवत होती.

निरंजननं तोंड उघडलं.

“काका…” तो म्हणाला.

“बोल पोरा.”

त्यानं बसकडं पाहिलं, आतल्या ओव्या ऐकल्या, त्या हाताचं वजन अजून डोक्यावर होतं. आता हा दोरा उकलायचा, तर तो किती जणांच्या गळ्याभोवतून काढायचा.

“काका, खांबांवर पाणी शिंपडत राहा. म्हणजे उद्यापर्यंत पानं कोमेजायची नाहीत.”

निशा वळली आणि आत गेली. सावकाश गेली, जशी कोणी हाक मारायची वाट बघत जातं.

त्यानं चहा उभ्याउभ्याच संपवला. आवळायला दोरी थोडी कमी पडली होती. मग डाव्या मनगटाचा लाल दोरा त्यानं दातांनी सोडवला, उजवीकडच्या खांबाला घट्ट गाठ मारली आणि टेम्पोत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. खांबांची पानं हिरवीगार होती. बाबुराव येईल त्याला दाखवत होते. निशा उमेशच्या मागं अग्नीभोवती फिरायला लागली. दर फेऱ्याला मांडवाचं दार समोर येई, दाराशी खांब, खांबाला तो लाल दोरा. दर फेऱ्याला ती तिथं पोचली की पाऊल अडखळे, आणि भटजींना वाटे, शालू पायात येतोय.

अग्नी उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतं. त्या वळणावर निरंजन कधीच चुकला नसता.