बॉस्टनला पोचायला किती तास?

"अम्मा, स्वल्प उशीर होईल... हो, तुम्ही जेवून घ्या," म्हणत निवेदितानं फोन ठेवला, आणि समोर बसलेला तरुण एकदम खुलला.

"तुम्ही मराठी आहात?"

"तीनशे वर्षांपासून. तीही इथंच, बंगळुरात," ती हसली. "बोला, कुठलं तिकीट?"

जयनगरच्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत ती चार वर्षं तिकिटं काढून देत होती. हा मल्हार, नागपूरचा. १९९६ च्या जानेवारीत कंपनी त्याला सहा महिन्यांसाठी बॉस्टनला पाठवत होती, आणि गडी विमानात कधी बसलाच नव्हता.

"अंतर किती असेल हो?"

"सरळ उडालात तर तेरा हजार किलोमीटर. पण सरळ कोण नेतंय? मुंबई, लंडन, मग बॉस्टन. थांबणं धरून अठ्ठावीस तास."

"बाप्पा! अठ्ठावीस!"

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. घड्याळ कधी बदलायचं? मग शाकाहारी जेवणाचं विचारायला. मग खिडकीच्या जागेचं. पाचव्या खेपेला नुसताच बसून राहिला.

"आज काय विचारायचंय?"

"आज... काहीच नाही." त्याचे कान लाल झाले होते. निवेदितानं आपली कॉफी त्याच्यापुढे सरकवली.

सोमवारी निघताना तो म्हणाला, "बुधवारी तुमचं ऑफिस उघडलं की फोन करतो. पोचल्याचा."

बुधवार उजाडला. दहा वाजले, बारा वाजले... फोन नाही. शेवटी तिनंच विमान कंपनीला विचारलं. बॉस्टनला बर्फाचं वादळ, विमानतळ बंद. आणि ते विमान? "अजून कळलेलं नाही, मॅडम."

परदेशी निघालेल्या मुलांच्या घाबरलेल्या आईबापांना ती रोज धीर द्यायची. आज तिलाच कोणी धीर द्यायला नव्हतं. मालक नरसिंहराव दोनदा म्हणाले, "घरी जा, पोरी." ती हलली नाही, जेवलीही नाही.

गुरुवारी सकाळी अकराला फोन खणखणला.

"निवेदिता? मल्हार बोलतोय—"

"कुठं होतास तू?" ती जवळजवळ ओरडलीच. तोंडून 'तू' कधी निघालं, तिलाच कळलं नाही.

"विमान मॉन्ट्रियलला उतरवलं. तिथल्या फोनच्या सगळ्या लाइनी बंद. मग बसनं... आत्ता पोचलो. रडताय?"

"नाही," ती रडतच म्हणाली.

"विमान हेलकावे खात होतं ना, तेव्हा सगळे देवाचं नाव घेत होते. मी..."

"तू?"

"मी तुमचं घेत होतो." मग तो घाईघाईनं म्हणाला, "जुलैत परत आलो की तुमच्या अप्पांना भेटायला येऊ?"

"सरी."

"सरी म्हणजे?"

"म्हणजे हो रे! ये. आता झोप आधी."

तिनं फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले, आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला कडकडून भूक लागली आहे.